प्रवचन टाळ्यांनी मोजावे का?
लेखमाला : धर्मग्रंथ आणि त्याचे वाचक (लेखांक ५)

शास्त्रवचनाला देह, जीव आणि आत्मा असे तीन थर असतात, हे अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनचे म्हणणे मागच्या लेखांकात पाहिले. अभ्यासकांना ते मानवले. पण रविवारी देवळात जमणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसांपुढे हे थर कोणी आणि कसे उलगडायचे? ओरिजेननंतर सुमारे दीडशे वर्षांनी हा प्रश्न उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या बिशपाने मनावर घेतला. हिप्पो म्हणजे आजच्या अल्जीरियातले अन्नाबा, आणि तो बिशप म्हणजे ऑगस्टीन.

ऑगस्टीनचा मूळ पेशा वक्तृत्व शिकवण्याचा. तरुणपणी त्याने बायबल हाती घेतले तेव्हा सिसेरोच्या घोटीव लॅटिनपुढे ते त्याला ओबडधोबड वाटले होते. पुढे मिलानला तो बिशप अँब्रोजची प्रवचने ऐकायला जाऊ लागला, तोही आधी केवळ त्याची वक्तृत्वशैली पारखायला. अँब्रोज जुन्या करारातल्या अडचणीच्या कथा रूपकाच्या अंगाने समजावून देई. ज्या मजकुराला ऑगस्टीनने नाक मुरडले होते, त्यात आता त्याला अर्थ दिसू लागला. ३८७ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला आणि ३९१ मध्ये तो हिप्पोत धर्मगुरू झाला. पुढच्या चार-पाच वर्षांत बिशपपदही त्याच्याकडे आले.

बिशप होताच त्याने ‘ख्रिस्ती शिकवणीविषयी’ हा लॅटिन ग्रंथ लिहायला घेतला. आरंभीच त्याने विषयाचे दोन भाग पाडले : वचनाचा अर्थ शोधणे आणि सापडलेला अर्थ सांगणे. अर्थ शोधण्याचे त्याचे नियम व्यवहारी आहेत. संदिग्ध वचनाचा उलगडा स्पष्ट वचनांच्या मदतीने करावा. ग्रीक आणि हिब्रू शिकावे. ग्रंथात येणारे प्राणी, वनस्पती आणि संख्या यांचीही माहिती असावी. मूर्तिपूजकांच्या विद्येतले उपयोगी तेवढे बिनदिक्कत घ्यावे. मिसरातून निघताना इस्राएल लोकांनी नाही का तिथले सोने बरोबर नेले! वचन शब्दशः घ्यावे की रूपक मानावे, याची कसोटीही त्याने दिली. शब्दशः अर्थ सदाचरणाशी किंवा श्रद्धेच्या सत्याशी जुळत नसेल, तर ते रूपक. आणि ज्या अर्थाने देवावरची व शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो लावणाऱ्याला वचन कळलेच नाही.

हा नियम हाती घेऊन तो किती दूर जाई, हे चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात दिसते. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला प्रवासी म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा आणि तिचा रखवालदार म्हणजे प्रेषित पौल. आजचे बहुतेक भाष्यकार या वाटेने जाणार नाहीत. पण ऐकणाऱ्याला त्यात आपलीच गोष्ट सापडे : जखमी आपण, आणि आपल्याला उचलून आणले ते इथे, या देवळात.

तिसऱ्या भागाच्या मध्यावर लेखन थांबले ते जवळजवळ तीस वर्षे. ‘सांगण्या’चा चौथा भाग त्याने लिहिला ४२६-२७ च्या सुमारास, म्हणजे हजारो वेळा लोकांसमोर बोलून झाल्यावर. अनुभव कसा जमत गेला, याचा एक पुरावा ४०० च्या आसपासचा आहे. कार्थेजचा देओग्रातियास हा डीकन नवख्यांना धर्मशिक्षण देताना स्वतःच कंटाळून जाई आणि आपले बोलणे रटाळ होते अशी त्याची तक्रार होती. त्याच्यासाठी ऑगस्टीनने एक छोटे पुस्तकच लिहिले. उत्पत्तीपासून आजच्या ख्रिस्तसभेपर्यंतची कथा सलग सांगावी, पण ठळक प्रसंगांवर रेंगाळावे. शिकलेला माणूस आला तर त्याने काय काय वाचले आहे ते आधी विचारावे. श्रोता जांभया देऊ लागला तर काहीतरी गमतीचे बोलावे, नाहीतर सरळ त्याला बसायला द्यावे. आफ्रिकेत लोक उभ्यानेच ऐकत. समुद्रापलीकडच्या काही देवळांत त्यांना बसायला मिळते, हे ऑगस्टीनला जास्त पसंत होते. तो शिकवत असताना एक खेडूत दमून मध्येच निघून गेला होता, त्यावरून आलेले हे शहाणपण.

चौथ्या भागात सिसेरोची शिकवण आहे : वक्त्याने समजवावे, रिझवावे आणि हलवावे. हलवणे म्हणजे काय, हे सांगताना ऑगस्टीन मॉरेतानियातल्या सीझरियाची हकिगत देतो. त्या शहरात दरवर्षी ठरावीक वेळी गावकऱ्यांचे दोन तट पडत आणि सलग काही दिवस दगडफेक चाले. भाऊ भावावर, बाप मुलावर धोंडे टाकी, माणसे मरत. ही पूर्वापार चाल मोडायला ऑगस्टीन उभा राहिला. लोकांनी वाहवा केली तेव्हा त्याला काम झाले असे वाटले नाही. ते समजले आणि त्यांना आवडले, एवढेच त्यातून कळले. मग श्रोते रडू लागले, तेव्हा कुठे त्याची खात्री पटली. हे लिहीत असताना आठाहून जास्त वर्षे लोटली होती आणि तिथे पुन्हा तसे काही घडले नव्हते.

ज्याला स्वतःचे प्रवचन रचता येत नाही, त्याने दुसऱ्याचे चांगले प्रवचन पाठ करून म्हणावे, असेही हा वक्तृत्वाचा माजी शिक्षक शेवटी सुचवतो.

रूपकाच्या या वाटेला त्याच काळात अंत्युखियातून कडवा विरोध होत होता. मोप्सुएस्तियाचा बिशप थिओडोर हा त्या गटातला बिनीचा भाष्यकार. त्याच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी, ५५३ मध्ये, ख्रिस्तसभेच्या परिषदेने त्याला दोषी ठरवले. ते का, हे पुढच्या लेखांकात.