मैदान रंगू द्या, खेळणारी सांभाळा

गटाच्या बैठकीत बचत, हप्ता, व्याज यांचा हिशेब आटोपला की हल्ली एक वेगळाच विषय निघतो. दर्यापूरकडे निघतो, अकोटकडे निघतो, मूर्तिजापूरकडेही निघतो. एखादी आई विचारते, "ताई, पोरीले शाळेच्या सरांनी कबड्डीत घेतलं. पाठवू का नको? हातपाय मोडला तं?" आणि दिवाळी उलटली की गावातल्या मंडळाची पोरं गटाकडे येतात. रात्रीचे सामने ठेवायचे असतात, वर्गणी हवी असते. म्हणजे एकीकडे आपली लेक मैदानात उतरते आणि दुसरीकडे आपल्याच पैशातून मैदान उभं राहतं. तेव्हा या खेळात लागतं काय, कशानं लागतं आणि ते कसं टाळता येतं, हे आपल्याला कळायला हवं. आज त्याबद्दलच बोलू या.

कबड्डी म्हणजे आपला जुना हुतुतू. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली सुरू झालं. या मंडळाच्या पथकानं 1936 साली थेट जर्मनीत, बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्यात कबड्डीही होती. म्हणजे वऱ्हाडाला हा खेळ टीव्हीनं शिकवलेला नाही. पण टीव्हीनं त्याचं रूप पालटलं हे खरं. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली. माती गेली, मॅट आली, दिवे आले, समालोचन आलं. पहिल्याच वर्षी 43 कोटींहून जास्त लोकांनी हे सामने पाहिल्याचा आकडा जाहीर झाला.

लोक एवढे का खिळतात? एकटी चढाई करणारी सात जणींच्या अंगणात शिरते, 30 सेकंदांत कुणाला तरी शिवून परत यायचं असतं, आणि समोरच्या तिला परत जाऊ द्यायला तयार नसतात. कुणी घोटा धरतं, कुणी मांडी, दोघी हातात हात गुंफून साखळी करतात. धडक बसते, माणूस आपटतो, लोक उठून उभे राहतात. जोर आणि धाडस हेच या खेळाचं मीठ आहे. ते काढून टाका असं आम्ही म्हणणार नाही.

पण एक गोष्ट आपण नीट पाहत नाही. हा खेळ मारामारीचा नाही, तो नियमांनी बांधलेला आहे. चढाई करणारीला फक्त हातपाय किंवा धड धरूनच अडवता येतं. केस ओढणं, कपडे ओढणं, गळा दाबणं, तोंड दाबून दम तोडणं, पायांची कैची घालणं हे सगळं नियमबाह्य आहे. नखं कापलेली हवीत, अंगावर दागिने चालत नाहीत. बायकांचं मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असतं. वरिष्ठ महिलांना 75 किलोची वजनमर्यादा आहे, लहान गटातल्या मुलींना त्याहून कमी. वजनाची अट कशासाठी? 40 किलोच्या पोरीवर 70 किलोची बाई पडू नये म्हणून. पंचाच्या खिशात हिरवं, पिवळं आणि लाल अशी तीन कार्डं असतात. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे 2 मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर. मैदान कसं असावं हेही नियमात लिहिलंय. सपाट आणि मऊ, माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळून केलेलं, नाहीतर मॅटचं.

आता आपल्या गावचं मैदान आठवा. खारपाणपट्ट्यातली काळी जमीन हिवाळ्यात वाळली की भेगा पडतात, ढेकूळ दगडासारखं होतं. त्यावर चुन्याच्या रेषा मारल्या की मैदान तयार! वजनकाटा नसतो. नववीतली पोरगी आणि लग्न झालेली बाई एकाच सामन्यात असतात. पंच गावातलाच, बक्षीस मोठं, बाजूला ओरडणारी गर्दी. मलमपट्टीची पेटी मागितली तर पाण्याची बाटली पुढे येते. दुखापत होते ती पुष्कळदा खेळाच्या जोरानं नाही, अशा तयारीनं होते.

मोठ्या खेळाडूंना लागत नाही असं नाही. पवन सेहरावत हे नाव घरातल्या पोरांना विचारा. 2022 साली तमिळ थलायवाज संघानं त्याला 2 कोटी 26 लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. अख्खा हंगाम बाहेर बसावं लागलं. पण त्याच्यामागे संघ होता, डॉक्टर होते, व्यायाम करून घेणारे होते. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याला 2 कोटी 60 लाखांवर किंमत मोजून घेतलं आणि 2023 च्या ऑक्टोबरात, आशियाई खेळांत, त्याच्याच कप्तानीखाली भारतानं सुवर्णपदक जिंकलं. आता हाच गुडघा आपल्या गावातल्या पोरीचा धरा. तिला कोण दवाखान्यात नेणार, कोण ऑपरेशनचा खर्च करणार, कोण महिनोन्‌महिने व्यायाम करून घेणार? तिचा खेळ तिथंच संपतो. पुढं वावरात निंदायला बसतानाही तो गुडघा दुखत राहतो. धडक दोघांना सारखीच बसते. फरक पडतो तो नंतर.

आणि कधी कधी "नंतर" उरतच नाही. जुलै 2022 मध्ये तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात गावच्या स्पर्धेत चढाई करताना एक तरुण खाली पडला, समोरच्याचं अंग त्याच्यावर आलं. उठायचा प्रयत्न केला आणि तो मैदानातच कोसळला. तो वाचला नाही.

मग खेळच बंद करायचा का? याचं उत्तर शोधायला जरा लांब, अमेरिकेत जाऊ या. तिथं एक खेळ आहे, अमेरिकन फुटबॉल. नाव फुटबॉल असलं तरी तो हातात चेंडू घेऊन धावायचा आणि समोरच्याला अंगानं धडकून पाडायचा खेळ आहे. 1905 साली एकाच हंगामात किमान 18 जण या खेळात दगावल्याचं तिथल्या वर्तमानपत्रांनी मोजलं. खेळ बंद करा अशी ओरड झाली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना बोलावून घेतलं. 1906 साली नियम बदलले. घोळक्यानं एकमेकांवर तुटून पडण्याला आळा घातला, चेंडू पुढे फेकायला परवानगी दिली. त्या वेळीही लोक म्हणाले असतील की आता मजा गेली. पण खेळ उलट जास्त देखणा झाला.

पुढे डोक्यावर टणक टोप्या आल्या. टोपीनं कवटी वाचली, पण आतला मेंदू हलायचा तो हलतच राहिला. वर्षानुवर्षं डोकी आपटून जुन्या खेळाडूंची स्मृती गेली, स्वभाव बिघडले. 2002 साली माइक वेबस्टर नावाचा नामांकित खेळाडू वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि वारंवार मार बसून मेंदू कसा झिजतो ते 2005 साली जगापुढं मांडलं. लीगनं आधी ते मानलं नाही. शेवटी हजारो खेळाडू कोर्टात गेले. 2013 साली 76 कोटी 50 लाख डॉलर द्यायचं ठरलं, पुढे ती मर्यादाही काढावी लागली. 2018 पासून डोकं खाली घालून धडक मारली तर दंड होतो. प्रेक्षक पळाले का? 2024 चा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी 12 कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. मैत्रिणींनो, लोक धाडस बघायला येतात. कुणाची मान मोडलेली बघायला कुणी येत नाही.

त्या देशाकडून आपण शिकायची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डोक्याचा मार. हात मोडला तर दिसतो, डोक्याला रक्त आलं तर दिसतं. मेंदूला बसलेला हादरा दिसत नाही. पोरगी शुद्धीवर असते, बोलत असते, तरी आत हादरा बसलेला असू शकतो. बेशुद्ध पडलीच पाहिजे असं नाही. म्हणून ही लक्षणं पाठ करा. डोकं दुखणं, घेरी येणं, मळमळ, डोळ्यांपुढं धूसर दिसणं, उजेड किंवा आवाज सहन न होणं, गोंधळल्यासारखं वागणं, तोच तोच प्रश्न विचारणं, आत्ता काय झालं ते न आठवणं. यातलं एकही दिसलं की तिचा त्या दिवसाचा खेळ संपला. "तिले काई झालं नाई, उतरवा पुन्हा" असं कुणी म्हणालं तरी नाही. कारण हादरलेल्या मेंदूला लगेच दुसरा मार बसला तर तो जिवावर बेतू शकतो.

तिला डॉक्टरांकडे न्या. पहिले 24 ते 48 तास आराम द्या, एकटं सोडू नका. मोबाईल आणि टीव्ही कमी. मग हळूहळू रोजची कामं, शाळा, हलकं पळणं, आणि डॉक्टर हो म्हणाले की मगच पकडापकडी. लहान वयात बरं व्हायला मोठ्यांपेक्षा जास्त दिवस लागतात. आणि पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, झोप वाढतच गेली, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, कानानाकातून रक्त किंवा पाणी आलं, हातापायातली ताकद गेली, तर एक मिनिटही थांबू नका. 108 ला फोन लावा. मान दुखत असेल किंवा हातापायाला मुंग्या येत असतील तर तिला उचलून बाजूला करू नका. आहे तिथंच, मान न हलवता, गाडी येईपर्यंत ठेवा.

आणखी एक. 2 जानेवारी 2023 ला अमेरिकेत भर सामन्यात डामर हॅमलिन या खेळाडूला छातीवर धडक बसली आणि त्याचं हृदय थांबलं. मैदानावरच्या लोकांनी तिथल्या तिथं छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन त्याला परत आणलं. पुढे तो पुन्हा खेळला. विजेचं यंत्र आपल्या गावात नसेल, पण हात आहेत. माणूस हाक मारली तरी हलत नाही आणि श्वास घेत नाही असं दिसलं, तर एकीनं 108 ला फोन करायचा आणि दुसरीनं छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरानं दाबायचं. मोठ्या माणसाची छाती निदान 5 सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला 100 ते 120 वेळा. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विनंती करून ग्रामसंघाच्या एका बैठकीत हे शिकून घेता येईल.

आता आपल्या हातात काय आहे? वर्गणी आपल्या हातात आहे. मंडळाची पोरं आली की पैसे देण्याआधी विचारा. मैदान नांगरून, ढेकळं फोडून, शेणखत आणि भुसा मिसळून मऊ करणार का? खुंटे आणि दगड रेषेपासून दूर असतील का? मुलींचं वजन मोजून गट पाडणार का? पंच नियम जाणणारा, शक्यतो बाहेरचा असेल का? पंच किंवा डॉक्टर "बाहेर" म्हणाले की कप्तानानं वाद घालायचा नाही, हे आधी जाहीर करणार का? मलमपट्टीची पेटी, बर्फ आणि एक गाडी मैदानाजवळ ठेवणार का? मुलींना कपडे बदलायला बंद खोली आणि घरी पोचवायची सोय आहे का? यात खर्चाचं फारसं काही नाही. बक्षिसातले थोडे पैसे इकडे वळवले तरी भागतं.

18 वर्षांवरच्या खेळाडूंचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही बघून घ्या. वर्षाला 20 रुपये खात्यातून जातात. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 2 लाख मिळतात. पण त्यातून गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. विमा असला म्हणजे मैदान कडक ठेवायला मोकळीक मिळाली असं होत नाही.

मंडळाची पोरं म्हणतील, "ताई, एवढे नियम लावले तं रंगत जाईल." त्यांना सांगा, टीव्हीवर जी रंगत बघता ती मऊ मॅटवर, वजनं मोजून, कार्डं दाखवूनच येते.

आणि ज्या आईनं विचारलं होतं, पाठवू का नको, तिला आमचं उत्तर आहे, पाठव. 2012 साली पाटण्याला बायकांचा पहिला कबड्डी विश्वचषक झाला, तो भारतानं जिंकला. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या, अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के. 2023 च्या आशियाई खेळांतही आपल्या बायकांनी एका गुणानं सुवर्ण जिंकलं. त्यांच्याही आयांच्या पोटात गोळा आला असेलच. पोरीला घरात बसवून ती सुरक्षित होत नाही. मैदान सुरक्षित केलं, पंचाला पाठबळ दिलं आणि "मला चक्कर येते" असं म्हणायची तिला मोकळीक दिली, की होते. लागलं तर सांगायचं, लपवायचं नाही, संघाबाहेर बसावं लागलं तरी घरात कुणी रागावणार नाही, एवढं तिला आज रात्री जेवताना सांगा.

पुढच्या बैठकीत वर हे जे प्रश्न सांगितले ते गटाच्या वहीत उतरवून घ्या, आणि वर्गणी मागायला कुणी आलं की वही उघडा.