बदल सगळ्यांना दिसतो. करणारा कुणाला दिसावा?

१७ नोव्हेंबर २००५ रोजी इंग्रजी विकिपीडियावरच्या एका लेखातून पंधरा परिच्छेद एका झटक्यात उडाले. लेख डिबोल्ड या अमेरिकी कंपनीवर होता. मतदान यंत्रं बनवणारी ही कंपनी तेव्हा वादात सापडली होती, आणि गायब झालेला मजकूर नेमका त्या यंत्रांवरच्या टीकेचा होता. ज्यानं तो काढला त्यानं विकिपीडियावर खातं उघडलेलं नव्हतं. त्यामुळे नावाच्या जागी त्याच्या इंटरनेट जोडणीचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी, नोंदला गेला.

२००७मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या कॅल्टेकच्या विद्यार्थ्यानं ‘विकिस्कॅनर’ नावाचं साधन तयार केलं. कोणते आयपी पत्ते कोणत्या संस्थेच्या नावावर आहेत, ही माहिती आधीपासून खुली असते. ग्रिफिथनं ती विकिपीडियाच्या नोंदींशी ताडून पाहिली. पंधरा परिच्छेदांमागचा पत्ता डिबोल्डचाच निघाला. सीआयए आणि व्हॅटिकनच्या संगणकांवरूनही लेखांमध्ये फेरफार झाल्याचं त्याच पडताळणीत दिसलं. फुकटात झालेली ही शोधपत्रकारिता बऱ्याच संस्थांना चांगलीच झोंबली.

आयपी असा उघड्यावर ठेवण्यामागे पारदर्शकतेचं फार मोठं तत्त्वज्ञान होतं असं मानायचं कारण नाही. खातं नसलेल्या माणसाची नोंद कशी करायची, याचं ते सर्वांत सोपं उत्तर होतं. २००१मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियासाठी मॅग्नस मान्स्के या जीवशास्त्राच्या जर्मन विद्यार्थ्यानं पीएचपी या संगणकभाषेत नवं सॉफ्टवेअर लिहिलं आणि जानेवारी २००२मध्ये ते चालू झालं. पुढे ली डॅनियल क्रॉकर यांनी ते नव्यानं रचलं. आज ते ‘मीडियाविकी’ म्हणून ओळखलं जातं. खुद्द पीएचपीचा जन्मही असाच घरगुती. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रॅसमस लेरडॉर्फ यांना आपला बायोडेटा इंटरनेटवर कोण पाहून जातं हे जाणून घ्यायचं होतं; त्यासाठी १९९४मध्ये लिहिलेल्या छोट्याशा साधनातून ही भाषा वाढली. पाहुण्यांची नोंद ठेवण्याची सवय तिच्या रक्तातच आहे म्हणायची.

बदलांच्या खुल्या नोंदींची खरी किंमत मार्च २०२१मध्ये पीएचपीच्याच घरात कळली. भाषेच्या मूळ सांकेतिक मजकुरात कुणीतरी दोन बदल घुसवले. एक लेरडॉर्फ यांच्या नावानं, दुसरा निकिता पोपोव्ह या प्रमुख विकासकाच्या नावानं. सोबतचा शेरा अगदी साळसूद होता: टंकनदोष सुधारला. प्रत्यक्षात तो चोरदरवाजा होता. ब्राउझरची ओळख सांगणाऱ्या ‘युझर-एजंट’ या शब्दाच्या शेवटी एक ‘ट’ जादा लावून ठरावीक मजकूर पाठवणाऱ्याला सर्व्हरवर वाटेल ती आज्ञा चालवता आली असती. तो बदल तसाच पुढच्या आवृत्तीत गेला असता तर जगभरातल्या असंख्य संकेतस्थळांवर परिणाम झाला असता. पण प्रत्येक बदल सगळ्यांसमोर येतो आणि कुणीतरी तो वाचतोच, म्हणून काही तासांत बिंग फुटलं. त्यानंतर पीएचपीनं स्वतःचा सर्व्हर सोडून गिटहबवर मुक्काम हलवला.

म्हणजे बदल उघड असणं हा या खुल्या व्यवस्थांचा कणाच. प्रश्न आहे तो बदल करणाऱ्याचा पत्ता उघड असण्याचा, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आयपीवरून साधारण परिसर आणि इंटरनेट कंपनी कुणालाही कळू शकते. कचेरीचं किंवा विद्यापीठाचं स्वतंत्र नेटवर्क असेल तर संस्थाही कळते. गंमत अशी, की खातं उघडून टोपणनाव घेणारा माणूस सुरक्षित राहायचा आणि ‘कशाला उगाच नाव द्या’ म्हणून खातं न उघडणारा जगासमोर उघडा पडायचा. ओळख उघड होण्याचे परिणाम कधी किती गंभीर असतात, हे मार्च २०२२मध्ये बेलारूसमध्ये दिसलं. रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणाच्या लेखात भर घालणाऱ्या मार्क बर्नश्टाइन यांचे खासगी तपशील एका टेलिग्राम वाहिनीवर झळकले आणि पाठोपाठ मिन्स्कमध्ये त्यांना अटक झाली. आपल्याकडे २०२४मध्ये एएनआय वृत्तसंस्थेनं विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनवर बदनामीचा दावा लावला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात मजकुराइतकाच कळीचा मुद्दा होता तो संपादकांची ओळख उघड करण्याचा. अखेर विकिमीडियानंच त्यांच्यापर्यंत समन्स पोहोचवावं आणि त्यांची नावं जाहीर होऊ नयेत, अशी तोड निघाली.

या पार्श्वभूमीवर विकिमीडियानं जुनी पद्धत बदलली. २०२४च्या अखेरीस रुमानियन, डॅनिश अशा काही विकिपीडियांवर आणि पुढे २०२५मध्ये मोठ्या विकिपीडियांवर ‘तात्पुरती खाती’ आली. खातं न उघडता कुणी संपादन केलं, की त्याच्या ब्राउझरमध्ये एक कुकी बसते आणि त्याला आपोआप एक नाव मिळतं: आधी वर्ष, मग काही आकडे. नव्वद दिवसांनी किंवा कुकी पुसली की ते खातं संपतं. आयपी आतल्या नोंदीत तेवढेच दिवस राहतो, पण तो पाहण्याचा हक्क प्रचालकांना (ॲडमिनना) आणि ठरावीक अनुभवी सदस्यांनाच मिळतो. अशा सदस्याच्या नावावर किमान तीनशे संपादनं आणि सहा महिन्यांचं खातं लागतं. कुणी कुणाचा आयपी पाहिला, याचीही नोंद होते. पहारेकऱ्यावर पहारा ठेवण्याची ही कल्पना खरोखर नामी आहे. बदलाआधीचे आयपी मात्र जुन्या नोंदींमध्ये जसेच्या तसे आहेत.

यात गमावलं काय, हेही सांगायला हवं. २०१४मध्ये एड समर्स यांनी ट्विटरवर ‘काँग्रेसएडिट्स’ नावाचं स्वयंचलित खातं सुरू केलं होतं. अमेरिकी संसदेच्या नेटवर्कवरून कुणी विकिपीडियात निनावी बदल केला, की ते खातं लगेच दवंडी पिटायचं. २०१८मध्ये ब्रेट कॅव्हॅना यांच्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशपदावरून रणधुमाळी चालू असताना त्याच नेटवर्कवरून कुणीतरी काही सिनेटरांचे घरचे पत्ते आणि फोन नंबर लेखांमध्ये टाकले. यंत्रानं तेही इमानेइतबारे पसरवले आणि ट्विटरनं खातं बंद केलं. पारदर्शकतेच्या साधनानंच खासगीपणाचे तीनतेरा वाजवले! आता आयपीच बाहेर दिसत नसल्यानं नव्या बदलांवर अशी पाळत ठेवणं बाहेरच्या पत्रकाराला किंवा संशोधकाला जवळपास अशक्य आहे. सामान्य संपादकाचं संरक्षण करताना सत्ताधाऱ्याच्या कचेरीलाही पडदा मिळाला. सौदा तरीही रास्त वाटतो, कारण कचेरीला वकील परवडतो, एकट्या संपादकाला नाही.

काय उघड ठेवायचं आणि काय झाकायचं, अशी विभागणी विकिमीडियाच्या निवडणुकांमध्ये आधीपासून आहे. विश्वस्तांच्या निवडीसाठी ‘सिक्युअरपोल’ ही मीडियाविकीचीच पीएचपी जोडणी वापरतात. मत कुणी दिलं याची यादी सर्वांना दिसते; कुणाला दिलं हे गुप्त. मन बदललं तर पुन्हा मत देता येतं, शेवटचं तेवढं मोजतात. बोगस मतं हुडकण्यासाठी आयपी पाहायचा तो केवळ तपासनिसांनी. २०२१पासून मोजणी पसंतीक्रमाच्या पद्धतीनं होते, आपल्या राज्यसभेसारखी.

छोट्या भाषांपुढे अडचण निराळीच आहे. मराठी विकिपीडिया २००३पासून चालू आहे. ‘चावडी’ या पानावर चर्चा होतात, ‘अलीकडील बदल’ पाहणारे लोक आहेत, पण प्रचालक मोजकेच. त्यात मोबाइल कंपन्या एकच आयपी शेकडो ग्राहकांमध्ये वाटतात, त्यामुळे एका उत्पाती माणसाचा पत्ता रोखला की कित्येक निरपराध वाचकांचं संपादन अडतं. पोर्तुगीज विकिपीडियानं २०२०मध्येच वैतागून लेखांच्या संपादनासाठी खातं सक्तीचं केलं. मराठीनं ती वाट धरली नाही, तर तीनशे संपादनांची पायरी ओलांडलेल्या आणि रोज डोकावणाऱ्या मूठभर लोकांनाच उत्पात रोखण्याचं काम निभवावं लागेल, आणि तेही नोकरीधंदा सांभाळून, बिनपगारी.