महिन्यातून एकदा दोघांनी बाहेर जेवावे



शेतीखात्याचा माणूस म्हटला की तो बोंडअळी, खताच्या मात्रा आणि मोसंबीचा बहार यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असते. ती चुकीचीही नाही. पण शेती नुसती जमिनीवर होत नाही, ती घरावर होते. घरात नवरा-बायकोचे जमत असेल तर पाऊस कमी झाला तरी संसार तरून जातो. म्हणून आज जरा वेगळा विषय घेतला आहे. विषय आहे हॉटेलात जेवायला जाण्याचा. एकट्याने नव्हे, दोघांनी.

मोंढ्याचा दिवस आठवून पाहा. जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनची गाडी लागते, माप होते, हिशोबपट्टी हातात पडते. सकाळी घरून निघालेल्या माणसाला भूक लागलेली असते. तो जवळच्या हॉटेलात जातो, पुरीभाजी खातो, वर चहा घेतो. ओळखीचे चारजण भेटले तर त्यांचेही पैसे देतो. यात वावगे काही नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तो सहज म्हणतो, “मी जेवून आलोय.” बाई काही बोलत नाही. कालवणावर झाकण ठेवते, मुलांना वाढते आणि सर्वांच्या शेवटी एकटी बसून जेवते. त्या सोयाबीनची खुरपणी तिनेच केलेली असते.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारने २०२४ साली लोकांचा वेळ कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांची ८८ मिनिटे. या पाच तासांत शेतातली मजुरी, वेचणी, दूधदुभते धरलेले नाही. ते वेगळेच.

दुसरा आकडा आरोग्याचा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या चोपन्न बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. याची कारणे अनेक आहेत. पण सर्वांत शेवटी जेवायचे आणि उरले असेल तेवढ्यावर भागवायचे, ही आपल्या घरांतली रीत त्यांतले एक कारण आहे, हे कोणीही डॉक्टर सांगेल.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाचे खांदे मळतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही, त्याला पुरणपोळी चारतो. मुक्या जनावराची आपण एवढी जाण ठेवतो. चुलीपुढच्या बाईला मात्र सणाच्या दिवशी दुप्पट काम असते. तिच्यासाठी पोळा कोणता?

एक जोडपे

बदनापूर तालुक्यातले एक मोसंबीवाले जोडपे माझ्या पाहण्यात आहे. त्यांनी एक नियम केला आहे. मोसंबीची पट्टी झाली, कापूस विकला, की दोघांनी मिळून जालन्याला जायचे. बँकेचे काम करायचे, बी-औषध घ्यायचे आणि दोघांनी हॉटेलात बसून जेवायचे. इतर महिन्यांत जमले तर एखादा रविवार.

पहिल्या वेळी बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. डोक्यावरचा पदर सारखा सावरत होत्या. पोऱ्याने कार्ड आणून ठेवले तर म्हणाल्या, “अहो, तुम्हीच सांगा काय मागवायचं ते.” त्यावर नवरा म्हणाला, “घरी रोज तूच ठरवतीस ना काय रांधायचं? मग इथंबी तूच ठरव.” कार्डावरची सगळी नावे त्यांना कळेनात. त्याने पोऱ्याला बोलावून एकेक पदार्थ काय असतो ते विचारून घेतले.

आता त्याच बाई कार्ड हातात आले की आधी उजवीकडचे भाव वाचतात, मग डावीकडची नावे. एकदा मी त्यांना विचारले, “वहिनी, हॉटेलची भाजी आवडली का?” त्या म्हणाल्या, “भाजी काही माझ्यापेक्षा चांगली नव्हती, साहेब. तेलच जास्त. पण मी बसलेली आणि गरम रोटी कुणीतरी माझ्या ताटात आणून टाकली, हे लग्नानंतर पहिल्यांदाच झालं.”

त्यांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुलीची बारावी झाली तेव्हा स्थळे येऊ लागली होती. घरात थोरली माणसे, येणारे-जाणारे, यात नवरा-बायकोला मोकळेपणी बोलायला सापडेना. ते बोलणे हॉटेलच्या टेबलावर झाले. जेवण येईपर्यंतच्या अर्ध्या तासात आईने मनातले सांगितले, बापाने ऐकले. मुलगी आज परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. हे बोलणे घरीही झाले असते, असे तुम्ही म्हणाल. झाले असते, पण झाले नव्हते.

हॉटेलची पायरी

बाहेर जेवणे आपल्याकडे सहजासहजी रुळलेले नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहापानाला हजर राहिले म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या माणसांवर ग्रामण्य आले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताची भाषा झाली. एका कपभर चहासाठी! कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणी कोणाच्या पंगतीला बसावे, याचे नियम एवढे कडक होते. कित्येक लोकांना तर हॉटेलची पायरीही चढू देत नसत.

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात हॉटेल आणि उपाहारगृह हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने तिथे कोणालाही मज्जाव करता येत नाही. हॉटेलचे टेबल हे असे स्वस्तात मिळालेले नाही. तिथे आपल्या शेजारच्या टेबलावर कोण बसला आहे हे विचारायचे नसते आणि बायकोने नवऱ्याच्या नंतर जेवायचे नसते. दोघांची ताटे एकाच वेळी येतात.

आपल्या भागात या सोयीही आता वाढल्या आहेत. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. तेव्हापासून कचेरी, कोर्ट, दवाखाना, कॉलेज यांसाठी अंबड, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद इथून माणसे जालन्याला येऊ लागली. आज तालुक्याच्या गावीही कुटुंबाला बसता येईल अशी जागा सापडते. राजूरच्या गणपतीला किंवा अंबडच्या मत्स्योदरी देवीला गेलात तर परतताना जेवून येता येते. त्यासाठी वेगळी वाट काढायला नको.

जागा कशी निवडावी

बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो. इथेही तसेच करावे. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक हॉटेलात दिसेल असा लावलेला असतो. पण नुसत्या क्रमांकावर जाऊ नका, डोळे उघडे ठेवा. हात धुण्याची जागा स्वच्छ आहे का, पाण्याच्या पिंपावर झाकण आहे का, टेबल पुसायचे फडके कसे आहे, हे पाहिले की आतल्या स्वयंपाकघराचा अंदाज येतो. जिथे गिऱ्हाईक जास्त, तिथले अन्न ताजे असण्याचा संभव जास्त. पावसाळ्यात चिरून ठेवलेला कांदा-काकडी आणि गार चटण्या टाळाव्यात. वाफ येत असलेले अन्न खावे. पाण्याची खात्री नसेल तर घरून बाटली न्यावी, त्यात कमीपणा नाही. जिथे दारूची टेबले आहेत तिथे कुटुंबाला नेऊ नये. आणि जेवणाबरोबर “घेऊन” मोटारसायकलवर बायकोला बसवून रात्री परत निघणे हा तर शुद्ध आततायीपणा आहे.

मागवताना बेताने मागवावे. दोघांना एक भाजी, एक डाळ आणि लागतील तशा रोट्या पुरतात. कमी पडले तर पुन्हा मागवता येते. उरलेले मात्र परत करता येत नाही. उरलेच तर बांधून मागावे, ते आपल्या पैशाचे आहे. घरी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा रोज आहेच, म्हणून बाहेर घरी न होणारे काही खावे. कोणाला डोसा आवडतो, कोणाला तंदुरी रोटी. छत्रपती संभाजीनगरला जाणे झाले आणि मटण चालत असेल, तर तिथला जुना नान-खलिया एकदा खाऊन पाहावा. मात्र बाईचा उपवास, तिचा वार आधी विचारून घ्यावा, आणि काय खायचे ते तिलाच ठरवू द्यावे.

बिल वाचून द्यावे

खताच्या पावतीप्रमाणे हॉटेलचे बिलही वाचावे. साध्या हॉटेलात जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो. समजा जेवणाचे २८० रुपये झाले, तर कर १४ रुपये आणि एकूण २९४ रुपये. कर लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक छापलेला हवा. ज्या छोट्या हॉटेलवाल्याने एकरकमी कराची सवलत घेतली आहे, त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही.

काही मोठ्या हॉटेलांत “सेवा शुल्क” म्हणून आणखी रक्कम आपोआप लावतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये याला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. हे शुल्क देणे आपल्या खुशीवर आहे. नको असेल तर शांतपणे काढायला सांगावे. ऐकले नाही तर १९१५ या क्रमांकावर ग्राहक मदत केंद्राला फोन करता येतो. पोऱ्याने चांगले वाढले असेल तर मात्र त्याच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवावेत. तोही बहुधा कोणा शेतकऱ्याचाच मुलगा असतो.

आणि हो, कर्ज काढून, उधारीवर किंवा बियाण्याच्या पैशातून हे करू नये. महिन्याकाठी पान-तंबाखू आणि एकट्याने घेतलेले चहा यांचा हिशोब एकदा वहीत मांडून पाहा. दोघांचे एक साधे जेवण बहुतेकांच्या बाबतीत त्यातून निघते.

लोक काय म्हणतील?

ही अडचण पैशापेक्षा मोठी आहे. “सून हॉटेलात जाते” असे गावात बोलले जाते. यावर उपाय एकच. लपूनछपून जाऊ नये. सासू-सासऱ्यांना सांगून जावे आणि येताना त्यांच्यासाठी त्यांना चावेल, पचेल असे काही बांधून आणावे. पुढच्या वेळी त्यांनाही न्यावे. सासूबाईंनीही उभा जन्म दुसऱ्यांना वाढण्यात घालवलेला आहे. एखाद्या वेळी लेकरांना त्यांनी सांभाळावे आणि सुनेला जाऊ द्यावे. त्यात घराची अब्रू जात नाही, घरातला ओलावा वाढतो.

आणखी एक विचार करा. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात खेड्यापाड्यांतल्या बचत गटांच्या बायका आपल्या हातचे जेवण विकतात आणि शहरातले लोक पैसे मोजून ते खातात. घरी जे काम “बसल्या बसल्या” होते असे आपण धरून चालतो, त्याची बाजारात किंमत होते. हॉटेलचे बिल हातात पडले की घरच्या दोन वेळच्या जेवणाचे मोल पुरुषाला आपोआप कळते. हा फायदाही लहान नाही.

घरची पंगत

एवढे सांगून झाल्यावर मूळ गोष्ट सांगतो. हॉटेलातली गोडी काजूकरीत नसते. दोघे एका वेळी, समोरासमोर, घाई न करता जेवतात, यात ती असते. ही गोडी घरी आणायला पैसा लागत नाही. रात्री भाकऱ्या थापून झाल्यावर पाच मिनिटे थांबावे, तिचे ताट आपल्या ताटाशेजारी मांडावे आणि भाजी निम्मी-निम्मी वाढून घ्यावी. भाकरी मधेच लागली तर आपण उठून घ्यावी. महिन्यातून एकदा बाहेर बसलेल्या जोडप्याला घरी असे बसणे जड जात नाही, असे मी पाहिले आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला माल घेऊन मोंढ्यात जाल, तेव्हा गाडीत एक जागा ठेवा. पट्टी झाली की आधी दोघांनी मिळून ती वाचा, मग जेवायला जा.