वेगमर्यादा, धूर आणि ट्रकचालक

मालवाहतूक ही देशाच्या अर्थव्यवस्थेची रक्तवाहिनी होय, हे सर्वमान्य आहे. परंतु याच वाहतुकीतून निघणारा धूर हवा दूषित करतो आणि पृथ्वीचे तापमान वाढविणाऱ्या वायूंत भर घालतो. यावर जे उपाय योजले गेले, त्यांत वाहनांचा वेग कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय मानला जातो. त्यासाठी नवे इंजिन लागत नाही, की नवे इंधन लागत नाही. मात्र ज्यांनी हा वेग प्रत्यक्ष पाळावयाचा, त्या ट्रकचालकांपैकी अनेकांचे मत या उपायाविषयी प्रतिकूल राहिले आहे. त्यामागील कारणे समजून घेण्यासाठी अमेरिका व कॅनडा या देशांतील गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव उद्‌बोधक ठरेल.

वेग आणि इंधन यांचे नाते

धावत्या ट्रकला मुख्यतः दोन विरोधांवर मात करावी लागते. पहिला चाकांच्या घर्षणाचा व दुसरा हवेचा. घर्षणाचा विरोध वेगानुसार फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०५ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक ९० वर आणला, तर हवेचा विरोध सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. त्या मानाने डिझेल कमी जळते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. म्हणजे वाचलेल्या प्रत्येक लिटरमागे तेवढा वायू हवेत जाण्याचे टळते. चालकांचा वाद या शास्त्राशी नाही. स्वतःच्या मालकीचा ट्रक चालविणारे आणि डिझेलचा खर्च स्वतः सोसणारे कित्येक चालक कोणत्याही सक्तीविना संथ गतीने जातात.

१९७४ चा कायदा

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची निर्यात रोखली आणि अमेरिकेत इंधनाची टंचाई निर्माण झाली. २ जानेवारी १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सर्व देशासाठी ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, वेगमर्यादा आणणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. तत्पूर्वीच, डिसेंबर १९७३ मध्ये, स्वतंत्र ट्रकचालकांनी अनेक ठिकाणी महामार्ग रोखून धरले होते. पुढे १९७४ च्या प्रारंभी त्यांनी संपही केला. डिझेल महागले, ते पुरेसे मिळत नाही आणि त्यातच वेग कमी झाल्याने दिवसाची मजुरी बुडते, अशी त्यांची तक्रार होती. १९७३ मध्ये रस्ते अपघातांत सुमारे ५४ हजार माणसे दगावली होती. १९७४ मध्ये ही संख्या सुमारे ४५ हजारांवर आली. टंचाईमुळे वाहतूकच घटली, हेही त्याचे एक कारण होते. ही राष्ट्रीय मर्यादा १९९५ मध्ये रद्द झाली.

त्या वेळी उद्दिष्ट इंधनबचतीचे होते. पुढे तोच उपाय स्वच्छ हवेसाठी पुढे आला. टेक्सास राज्यातील ह्यूस्टन परिसरात ओझोनचे प्रदूषण कमी व्हावे म्हणून २००२ मध्ये ५५ मैलांची मर्यादा लागू करण्यात आली; परंतु लोकांच्या विरोधामुळे काही महिन्यांतच ती शिथिल करावी लागली.

ऑन्टॅरिओचा प्रयोग

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताने वेगळा मार्ग अवलंबिला. १ जानेवारी २००९ पासून तेथे बहुतेक जड ट्रकांच्या इंजिनाचा वेग यंत्रणेद्वारेच ताशी १०५ किलोमीटरवर बांधून ठेवणे सक्तीचे झाले. अपघात कमी व्हावेत व हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटावे, असा दुहेरी हेतू शासनाने सांगितला. मोठ्या वाहतूक कंपन्यांच्या संघटनेने या कायद्याचा पुरस्कार केला. स्वतंत्र चालकांच्या संघटनांनी मात्र त्यास विरोध केला.

विरोधाचे पहिले कारण सुरक्षिततेचे होते. ताशी १०५ किलोमीटरने जाणाऱ्या ट्रकला १०३ ने जाणाऱ्या ट्रकपुढे जावयाचे असेल आणि सुरक्षित अंतर धरून शंभर मीटरची आघाडी घ्यावयाची असेल, तर तीन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात ट्रक पाच किलोमीटरहून अधिक अंतर जातो आणि मागे मोटारींची रांग लागते. शिवाय २०२२ पासून तेथील काही महामार्गांवर मोटारींसाठी मर्यादा ११० करण्यात आली. एकाच रस्त्यावर वाहनांचे वेग निरनिराळे असले, तर धोका वाढतो, असे चालक म्हणतात. एका चालकाने हा प्रश्न न्यायालयात नेला. काही मोजक्या प्रसंगी या यंत्रणेमुळे चालकाच्या सुरक्षिततेस बाधा येऊ शकते, हे ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये मान्य केले. तथापि एकंदर रस्तासुरक्षेचे हित त्याहून मोठे मानून कायदा कायम ठेवला.

मूळ प्रश्न मजुरीचा

दुसरे कारण अधिक खोल आहे. उत्तर अमेरिकेत लांब पल्ल्याच्या अनेक चालकांना मजुरी तासावर नव्हे, तर मैलावर मिळते. चालविण्याचे तास मात्र कायद्याने बांधलेले आहेत. एका पाळीत अमेरिकेत अकरा तास, तर कॅनडाच्या बहुतांश भागात तेरा तास, यापलीकडे चालकाला गाडी चालविता येत नाही. नऊशे किलोमीटरचे अंतर ताशी सरासरी १०० च्या वेगाने नऊ तासांत संपते. ९० च्या वेगाने त्यास दहा तास लागतात. मजुरी तेवढीच राहते, श्रमाचा एक तास वाढतो. डिझेलची बचत होते ती बहुधा ट्रकच्या मालकाची. लाभ एकाचा व तोशीस दुसऱ्याला, हीच चालकांच्या नाराजीची मेख आहे.

माल चढविण्या-उतरविण्यासाठी गोदामाच्या दाराशी तासन्‌तास थांबावे लागते आणि त्या वेळेचा मोबदला पुष्कळदा मिळत नाही, याकडेही चालक लक्ष वेधतात. हा खोळंबा टळला किंवा त्याचे दाम मिळाले, तर रस्त्यावर घाई करण्याची गरजच उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये जड वाहनांना देशभर वेगनियंत्रक बसविण्याचा प्रस्ताव आला. चालकांच्या संघटनांनी तो सतत विरोधला आणि २०२५ मध्ये शासनाने तो मागे घेतला.

आपल्याकडील संदर्भ

भारतात १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या बहुतेक मालवाहू वाहनांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक बसविणे बंधनकारक झाले. डंपर व टँकर यांच्यासाठी ही मर्यादा ६० आहे. येथे मुख्य हेतू अपघात टाळण्याचा आहे. परंतु खेपेवर ज्याची कमाई ठरते, अशा चालकाचा हिशेब इथेही फारसा निराळा नाही. माल वेळेवर पोहोचविण्याचा तगादा, वाटेतील खोळंबा आणि अपुरी विश्रांती या गोष्टी तशाच राहिल्या, तर यंत्राने बांधलेला वेग चालक मनापासून स्वीकारील, अशी अपेक्षा करता येत नाही.

कमी वेगाने धूर कमी होतो, यात शंका नाही. मात्र असा नियम करताना चालकाच्या थांबलेल्या तासाचे मोल ठरविले गेले आणि इंधनाच्या बचतीतील वाटा त्याच्याही पदरात पडला, तर नियमाच्या अंमलबजावणीस त्याचे मनःपूर्वक सहकार्य लाभेल. रस्त्यावर नियम शेवटी त्याच्याच हातून पाळला जावयाचा आहे.