लेखणीसारखी पकड आणि बॅटची कड

1952 मध्ये मुंबईत भरलेल्या जागतिक टेबल टेनिस स्पर्धेत जपानच्या हिरोजी सातो यांनी जाड स्पंजच्या बॅटने पुरुष एकेरीचे विजेतेपद पटकावले आणि बॅटची घडण खेळ पालटू शकते, हे दिसून आले. बॅटच्या घडणीतला छोटासा बदल पकडीसाठीही करावा लागतो. पेनहोल्ड, म्हणजे लेखणीसारख्या पकडीत, अंगठा व तर्जनी बॅटच्या मुठीला पुढून वेढतात आणि उरलेली तीन बोटे फळीच्या पाठीला टेकतात. त्यामुळे मूठ व फळी जिथे मिळतात, तिथली टोकदार कड बोटांना काचते. ही कड आधी खरखरीत, मग बारीक पॉलिश पेपरने थोडी थोडी घासून, मधूनमधून बॅट हातात धरून पाहत गोल करावी. अशी कड घासता येते, कारण खेळाच्या नियमांनी बॅटच्या आकारावर बंधन घातलेले नाही. मात्र फळी सपाट व ताठ असावी लागते आणि तिच्या जाडीत किमान 85 टक्के नैसर्गिक लाकूड लागते.