ग्लूटेनमुक्त पीठ : आधी तपासणी, मग पथ्य

सीलिअ‍ॅक विकारात गहू व जव यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तरास इजा होते. त्यातून दीर्घकाळ जुलाब, रक्तक्षय व मुलांची वाढ खुंटणे संभवते. आजन्म ग्लूटेनमुक्त आहार हाच त्यावरील उपचार होय.

नाचणी, ज्वारी, तांदूळ यांच्या पिठांत ग्लूटेन नसते. त्यांचे केक, बिस्किटे तुटू नयेत म्हणून पिठात थोडे इसबगोल मिसळावे. गव्हाच्या गिरणीत दळलेले पीठ मात्र रुग्णास वर्ज्य समजावे. भारतीय मानकानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ पदार्थात किलोमागे कमाल २० मिलिग्रॅम ग्लूटेन चालते.

विकार नसलेल्यांना लाभ होतो तो नाचणी-ज्वारीतील तंतुमय घटक व खनिजांमुळे. ग्लूटेन टाळल्याने नव्हे.

विकाराची शंका आल्यास गहू परस्पर बंद करू नये. आधी रक्ततपासणी करावी. गहू थांबवल्यानंतरच्या तपासणीत विकार निसटू शकतो.