‘पी’वर अडलेला लीव्हर

सकाळची घाई, इंजिन सुरू, पाय ब्रेकवर, आणि ऑटोमॅटिक गाडीचा गिअर लीव्हर ‘पी’वरून तसूभरही हलेना. गिअरबॉक्स गेला, या धास्तीने मालकाच्या पोटात गोळा येतो. पण पुष्कळदा चूक असते ब्रेक पेडलच्या वर बसवलेल्या एका छोट्या स्विचची.

ब्रेक दाबल्याशिवाय लीव्हर सुटू नये, ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकात ‘ऑडी ५०००’ आपोआप सुसाट सुटते अशी ओरड झाली; १९८६मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमाने तिला हवा दिली. १९८९च्या सरकारी अहवालाने मात्र बोट ठेवले ते ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडणाऱ्या पायावर. तोवर ऑडीने हे कुलूप बसवायला घेतलेही होते. १ सप्टेंबर २०१०पासून तिथे बनणाऱ्या नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना ते सक्तीचे झाले.

पेडल दाबले की स्विच इशारा देतो, लीव्हरजवळचा सोलेनॉइड खिट्टी ओढून घेतो आणि ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. तपासणी तिथूनच सुरू करावी. कुणाला तरी गाडीमागे उभे करून ब्रेक दाबावा. मागचे लाल दिवे लागत नसतील तर संशय फ्यूज किंवा ब्रेक स्विचवर. दिवे लागतात पण ‘टक्’ नाही? मग वायर नाहीतर सोलेनॉइड. ‘टक्’ही आला आणि लीव्हर तरीही हलेना, तर खाली सांडून वाळलेले सरबत किंवा घरंगळलेले नाणेही निघू शकते. बॅटरी उतरली असेल तर यातले काहीच होत नाही.

उतारावरची गोष्ट वेगळी. हँडब्रेक न ओढता थेट ‘पी’ टाकला की सगळ्या गाडीचा भार गिअरबॉक्समधल्या लहानशा लोखंडी खिट्टीवर येतो. मग लीव्हर जोर लावून, ‘धाड्’ आवाजासह सुटतो. न्यूट्रल, मग हँडब्रेक, गाडी त्यावर स्थिरावली की ‘पी’, हा क्रम पाळणारे फार थोडे.

अनेक गाड्यांत लीव्हरशेजारी इवलेसे झाकण असते. हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, त्या खाचेत किल्ली किंवा पेचकस दाबला की लीव्हर सुटतो. मात्र स्विचच गेला असेल तर ब्रेक लावल्याचे मागच्याला कळणार नाही. अशा वेळी गॅरेजपर्यंत गाडी दामटण्यापेक्षा मेकॅनिकलाच पार्किंगमध्ये बोलावलेले बरे.